जप्पान रावांनी न वाचलेलं पान

तंजावूरच्या राजवाड्याच्या पश्चिम अंगाला ज्या बोळी आहेत, त्यांतल्या एकीत तुळजाराम राव पुस्तकं बांधायचे. कचेरीची दफ्तरं, शाळांचे हजेरीपट, भजनी मंडळींच्या सुट्या झालेल्या वह्या, जे येईल ते शिवून, खळ लावून, पुठ्ठा चढवून परत करायचे. हात असा पक्का की त्यांनी बांधलेलं पुस्तक आपटलं तर फरशी फुटावी, पुस्तक नाही. पण गावात कुणी ‘बाइंडर तुळजाराम राव कुठे राहतात’ असं विचारलं असतं तर बिचारा दिवसभर उन्हात फिरला असता. ‘जप्पान राव’ म्हटलं की शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडायचं.

जपान त्यांनी पाहिला नव्हता. मद्रास दोनदा पाहिलं होतं, आणि तेही आवडलं नव्हतं. पण त्यांच्या कपाटात थोर जपानी माणसांची एकतीस चरित्रं होती, इंग्रजीतली, आणि एकूण एक दुसऱ्याच्या हातातून आलेली. रशियाला जपानने लोळवलं त्या साली रावांच्या वडिलांनी गल्लीत साखर वाटली होती म्हणे. राव त्यानंतर तीन वर्षांनी जन्मले, पण ती गोडी राहिली ती त्यांच्याच जिभेवर.

ही पुस्तकं तंजावुरात यायची मलायातून. आपल्याकडची कितीतरी माणसं तिकडे रबराच्या मळ्यांवर, रेल्वेत, दवाखान्यांत कामाला गेलेली. लढाईत तो मुलूख जपान्यांनी घेतला तेव्हा त्यांनी आपल्या थोरांची चरित्रं इंग्रजीत छापून तिकडच्या लोकांत वाटली. लढाई संपल्यावर माणसं नागपट्टणमच्या धक्क्यावर उतरली, त्यांच्या पेट्यांतून ही पुस्तकंही उतरली, आणि चार-सहा वर्षांत रद्दीवाल्याकडे पोचली. गावातल्या कीळवासल भागातला रद्दीवाला असलं पुस्तक हाती लागलं की बाजूला काढून ठेवायचा. दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं त्याला.

दिवेलागणीला राव दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, मांडी घालून बसायचे आणि इंग्रजी पान समोर धरून आपल्या तंजावरी मराठीत चरित्र सांगत जायचे. ऐकायला शेजारचे रिटायर्ड स्टेशनमास्तर सूर्यनारायण, दोन-चार पेंगुळलेली पोरं, आणि आत उंबऱ्याशी रावांची बायको चंद्रमती. अनवाणी शाळेला जाणारा पोरगा पुढे आगबोटी कसा बांधू लागला, कुठल्या आरमारी वैद्याने खलाशांच्या जेवणात काय बदल केला, कुठला सेनापती पहाटे किती वाजता उठून थंड पाण्याने नाहायचा, हे सगळं रावांना तोंडपाठ. सूर्यनारायण विचारायचे, “राव, तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?” आणि राव खरोखरच क्षणभर अडखळायचे. मग चंद्रमती आतून भांडं आपटायची.

आता त्यांच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

जुनं पुस्तक घरात आलं की राव आधी ते सोलायचे. जुना पुठ्ठा काढायचा, पुढची-मागची कोरी पानं कापायची, त्यांवर आधीच्या मालकाचं नाव-गाव, हिशेब, पेन्सिलीच्या खुणा जे काय असेल त्याच्यासकट. मग नवी शिवण, नवी कोरी पानं, नवं कापड. एक तर धंद्याचीच सवय, आणि दुसरं म्हणजे कोण जाणे कुणाच्या घरून, कुठल्या सोयरसुतकातून पुस्तक आलंय. सासरी आल्यावर सुनेचं जसं नाव बदलतात तसं, असं ते म्हणायचे. कापलेली पानं मात्र ते केरात टाकत नसत. अक्षर म्हणजे सरस्वती, ते जाळायचं नाही, तुडवायचं नाही. ती पानं माजघराच्या कोपऱ्यातल्या एका वेताच्या टोपलीत साठायची आणि वर्षातून एकदा, आडी अठराला, तिरुवैयारूला नेऊन कावेरीत सोडायची. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरी भरून वाहते, सारा जिल्हा घाटावर लोटतो. कापलेल्या पानांवर काय लिहिलंय ते राव कधी वाचत नसत. दुसऱ्याच्या घरात कशाला डोकावायचं, असा त्यांचा बाणा.

त्या माजघरात, त्या टोपलीपासून हातभर अंतरावर, त्यांची धाकटी बहीण झोपायची. वेंकूबाई.

वेंकूबाईचा नवरा शेषाद्री मलायात एका रबरी मळ्यावर गुमास्ता होता. त्रेचाळीस साली जपानी शिपाई लॉरी घेऊन आले आणि मळ्यावरची माणसं सयामच्या रेल्वेच्या कामाला घेऊन गेले. तीन महिन्यांत परत आणतो म्हणाले. शेषाद्री लॉरीत चढला तो चढलाच. लढाई संपली, जपानी गेले, काही माणसं हाडाचे सापळे होऊन परतली, शेषाद्रीची खबर कुणालाच नव्हती. शेहेचाळीस साली वेंकूबाई एका पत्र्याच्या पेटीसह नागपट्टणमला उतरली. मूलबाळ नव्हतं. राव तिला घ्यायला गेले होते. बैलगाडी, मग आगगाडी, मग पुन्हा बैलगाडी, एवढ्या वाटेत त्यांनी तिला एकच गोष्ट विचारली: जेवलीस का?

राव दुष्ट नव्हते हो. बहिणीला त्यांनी कधी ओझं म्हटलं नाही, चंद्रमतीलाही म्हणू दिलं नाही. दुखऱ्या जागी बोट लावू नये, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या कपाटातले जपानी आणि वेंकूबाईच्या लॉरीतले जपानी एका ओळीत बसत नव्हते. त्यांनी ते बसवून पाहायचंच टाळलं. वेंकूबाई मात्र रोज संध्याकाळी दाराआड बसून ऐकायची. ती चरित्रं ती रोज फडक्याने पुसायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, रावांचा कळसा रोज सकाळी त्यांना कापी, म्हणजे कॉफी, आणून देत होता.

एकदा, पन्नास सालच्या आसपास, एक चरित्र अगदी रंगात आलं होतं. कुणा सरदाराने शत्रूच्या जखमी शिपायांना स्वतःच्या हाताने पाणी पाजलं, असा प्रसंग. दाराआडून आवाज आला, “अण्णा, मी येक सांगूं की?”

राव बोट पानावर तसंच ठेवून म्हणाले, “हें अध्याय सरूं दे गे. मग सांग.”

अध्याय सरला तेव्हा वेंकूबाई आत भांडी घासत होती. रावही विसरले. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

नवऱ्याचा पत्ता नसला की शास्त्र बारा वर्षं थांबायला सांगतं. बारा वर्षं सरली की दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, बायकोने कुंकू पुसायचं. पंचावन्न साली घरचे वाध्यार, म्हणजे उपाध्ये, पंचांग घेऊन आले. वेंकूबाई खांबाशी उभी राहिली आणि म्हणाली, “कोण पाह्यलं? पाह्यलेला माणूस घेऊन या. मग मी कुंकू काढत्यें.” वाध्यारांनी रावांकडे पाहिलं. रावांनी खळीच्या भांड्यात पाहिलं. विषय तिथेच राहिला.

मग लोकांनी तिला कुठल्या खान्यात घालावं? सुवासिनींना हळदीकुंकवाला बोलावताना बायका तिच्या दारावरून नजर चुकवून जायच्या. विधवांत तर ती बसायचीच नाही. आडी अठराला मात्र ती न चुकता तिरुवैयारूला जायची. त्या दिवशी सुवासिनी कावेरीला काळे मणी, ताडपत्राची कर्णफुलं वाहतात, गळ्यात नवा पिवळा दोरा बांधतात, नवऱ्याला आयुष्य मागतात. हे व्रत तमिळ शेजारणींचं, पण इतकी वर्षं इथलं पाणी पिऊन आमच्या मराठी बायकांनीही ते उचललेलं. वेंकूबाई आपला दोरा आपणच बांधून घ्यायची. आणि जायचंच आहे तर टोपलीही तीच न्यायची.

सत्तावन्न सालच्या पंगुणी महिन्यात, म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास, रद्दीवाल्याने रावांना निरोप पाठवला. एक जाडजूड चरित्र आलं होतं, हागिवारा नावाच्या डॉक्टराचं, ज्याने खेड्यापाड्यांत हिंडून पटकीच्या साथीत हजारो जीव वाचवले. पुठ्ठा ओलीने फुगलेला, कडा वाळवीने कुरतडलेल्या, पण मजकूर अखंड. राव हरखले. त्याच दुपारी त्यांनी पुस्तक सोललं. मागे तीन-चार कोरी पानं होती, त्यांवर शिशाच्या पेन्सिलीने बारीक तमिळ अक्षरात काहीतरी ओळींखाली ओळी लिहिलेलं. धोब्याचा हिशेब असावा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. सुरी फिरली, पानं टोपलीत पडली. तीनदा ते चरित्र तिण्णैवर सांगून झालं. हागिवारा डॉक्टर मेले तेव्हा सूर्यनारायणांनी उपरण्याने डोळे पुसले.

पंगुणी ते आडी, चार महिने ती पानं टोपलीत होती. आडी अठराला वेंकूबाईने टोपली उचलली.

त्यानंतर सहा वर्षांनी, त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात, भर सकाळी एक उंच, काळीसावळी, साठीची बाई रावांच्या दारात आली. कुंभकोणमहून आले म्हणाली. नाव अलमेलु. तमिळमध्येच बोलत होती. रद्दीवाल्याने पत्ता दिला होता.

“अय्या, माझ्या मालकांची पुस्तकं मी रद्दीत घातली होती. ते गेल्यावर भावाकडे राहायला जाताना. त्यात एक जपानी डॉक्टराचं होतं. ते तुमच्याकडे आहे?”

राव अभिमानाने आत गेले आणि हागिवारा घेऊन आले. गडद निळं कापड, सोनेरी नाव. बाईने पुस्तक हातात घेतलं आणि पहिलं पान न पाहता थेट मागून उघडलं. कोरी पानं. पांढरीशुभ्र. तिने ती उलटली, पुन्हा उलटली, बोटाने चाचपली.

“इथे लिहिलेलं होतं,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. तिचे मालक कंपाउंडर होते. सयामच्या रेल्वेवरच्या एका छावणीत, दवाखाना नावाच्या झोपडीत, त्यांना कामाला लावलं होतं. तिथल्या जपानी डॉक्टराने निघून जाताना ते पुस्तक त्यांना दिलं. कागदाचा कपटा मिळत नव्हता, म्हणून आपल्या जिल्ह्याचं जे माणूस त्या झोपडीत मेलं त्याचं नाव, गाव आणि दिवस त्यांनी पुस्तकाच्या मागच्या पानांवर लिहिला. परत आल्यावर एकेका घरी पत्र टाकायचं त्यांच्या मनात होतं. सात घरांना टाकली. मग छातीचं दुखणं बळावलं. “मला वाचता येत नाही अय्या. ती पानं काय आहेत हे मला त्यांनी सांगितलं होतं, पण ते गेले तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. घातली रद्दीत. आता मन्नारगुडीचा एक मुलगा येऊन गेला. बापाचं श्राद्ध कुठल्या तिथीला करू, विचारत होता. तेव्हा मला भान आलं.”

रावांच्या मागे वेंकूबाई कापीचा पेला घेऊन कधी उभी राहिली ते त्यांना कळलं नाही.

“त्यांत,” वेंकूबाई तमिळमध्ये म्हणाली, “राव कोणी होता? आमच्यातला, तंजावूरचा मराठी?”

अलमेलु आठवू लागली. “नावं मला नाही माहीत गं. पण एका रावाचं ते सांगायचे. गुमास्ता होता. ताप चढला की गायचा. सगळी झोपडी गप्प होऊन ऐकायची म्हणे.”

“तो मेला की वाचला?”

“ते पानावर असेल,” अलमेलु म्हणाली.

वेंकूबाईने पेला खाली ठेवला. एक थेंब सांडला नाही. शेषाद्री गायचा. लग्नातही गायला होता, आणि राव त्या लग्नात अक्षता वाटत होते. तिने भावाकडे वळून आपल्या भाषेत विचारलं, “अण्णा, कापतांना तूं वाचून पाह्यलास की?”

खोटं बोलायची संधी होती. हो म्हणावं, नाव होतं म्हणावं, एखादा दिवस सांगून टाकावा. बहिणीची सुटका होईल, आपलीही. हे सगळं रावांच्या मनात आलं. पण वीस वर्षं कुंकू सांभाळणाऱ्या बाईला बनावट तिथी द्यायची कशी?

“नाहीं गे,” ते म्हणाले. “अस्की, येकूणयेक पुस्तक वाचलों. तेवढं पान वाचलों नाहीं.”

“आणि मीच सोडल्यें की पाण्यांत,” वेंकूबाई म्हणाली. “नवा दोरा बांधून घेऊन, ह्याच हातानें.”

अलमेलुला मराठी कळत नव्हती, पण दोघांकडे पाहून तिला जे कळायचं ते कळलं. तिने पुस्तक मिटून तिण्णैवर ठेवलं, डोळ्याला पदर लावला आणि मन्नारगुडीच्या मुलाला आता काय सांगू, एवढंच विचारलं. टोपलीतून किती घरांच्या तिथ्या वाहून गेल्या होत्या, ते आता कावेरीच जाणे. चंद्रमतीने बाईला जेवायला घातलं आणि सूर्यनारायणांनी तिला मोटारीपर्यंत सोडलं.

राव त्या दिवशी जेवले नाहीत. सुरी, दाभण, खळ सगळं जिथल्या तिथे राहिलं. त्यांनी एकतीसच्या एकतीस चरित्रं खाली काढली आणि एकेकाची मागची कोरी पानं उघडून पाहिली, जणू आपणच घातलेल्या पानांवर काही उगवलं असेल. आपल्या हातच्या स्वच्छ कामाची त्यांना शिसारी आली. चेहरा झाकून ते एखाद्या पोरासारखे रडले. वेंकूबाई रडली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीच येऊन समोर बसली. कपाळ मोकळं होतं.

“वाध्यारांना बोलव,” ती म्हणाली. “पाह्यलेला माणूस घेऊन या म्हणत होत्यें नव्हें? आला होता अण्णा. चार महिने आपल्या घरांत होता, त्या टोपलींत, माझ्या उशाशीं. आम्हीच विचारलों नाहीं.”

“पण वेंकू, तिथी?”

“पाण्यांत सोडल्यें तो दिवस. मला दुसरा कोठला दिवस ठाऊक आहे?”

वाध्यार आधी कुरकुरले. शास्त्रात असं कुठे आहे, म्हणाले. मग खांबाशी टेकलेल्या बाईकडे पाहून त्यांनी सत्तावन्न सालचं पंचांग शोधून आणलं. त्या साली आडी अठराला श्रावण शुद्ध सप्तमी निघाली. तीच धरायची ठरली. तिरुवैयारूच्या घाटावर दर्भाचा पुतळा झाला, दहन झालं, मुलगा नाही म्हणून मेव्हण्याच्या नात्याने रावांनीच दर्भ घेतला. आणि सप्तमीला पहिलं श्राद्ध करायचं ठरलं.

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी राव तिण्णैवर बसले नाहीत. सूर्यनारायण दोन-तीनदा डोकावून गेले; त्या दिवसापासून चरित्र बंदच होतं आणि पुढेही बंदच राहिलं. राव माजघरात आले. वेंकूबाई तांदूळ निवडत होती. टोपलीची जागा रिकामी होती, तिथेच ते बसले.

“वेंकू,” ते म्हणाले, “उद्यां पानांत त्याच्या आवडीचं कांहीं करायला होवें. शेषाद्रीला काय आवडायचं?”

तिचा हात सुपात थांबला. हागिवारा डॉक्टर सकाळी काय खायचे हे या घरातल्या उंदरालाही ठाऊक होतं. शेषाद्रीबद्दलचा भावाने विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि तो यायला सतरा वर्षं लागली होती.

“डांगर पचडी,” ती म्हणाली. “दह्यांत कालवायला उडदाचं पीठ मळ्यावर मिळायचं नाहीं, म्हणून पत्रांत मागायला लावायचा. पीठ तूंच पाठवला होतास अण्णा, येकदां.”

रावांना ते आठवत नव्हतं. त्यांनी मान हलवली. “अणखीं सांग,” ते म्हणाले.

तिने सांगितलं. पहाटे हजेरीला माणसं गोळा करताना तो कंदील घेऊन पुढे गात जायचा आणि ती स्वयंपाकघरातून आवाजावरून ओळखायची, आता कुठल्या ओळीपाशी पोचला. लॉरीत चढला त्या दिवशी गायला नाही. छत्री विसरली म्हणून परत उतरला होता, शिपायाने ढकललं. हेच ती तेव्हा दाराआडून सांगणार होती, जखमी शिपायांना पाणी पाजणाऱ्या सरदाराच्या अध्यायात.

“काय गायचा?” शेवटी त्यांनी विचारलं. “येखादी ओळ म्हण की.”

वेंकूबाईने तोंड उघडलं. मग तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

“आठवत नाहीं अण्णा,” ती म्हणाली. “आवाजही आठवत नाहीं आतां. तेव्हां विचारला असतास तर सांगितल्यें असतें.”